नाकाच्या वाटेने मेंदूच्या तळाशी

दारातून जाताना खांदा चौकटीला लागतो. बाजूने येणारं वाहन एकदम अंगावर आल्यासारखं वाटतं. चष्मा बदलून होतो, तरी फरक पडत नाही. दोन्ही डोळ्यांची कानांकडची बाजू अशी विझत चालली असेल, तर दोष डोळ्यांच्या बराच मागे, मेंदूच्या तळाशी असू शकतो.

तिथे कवटीच्या हाडात खोगिरासारखी खळगी असते आणि तिच्यात पीयूषिका ग्रंथी. वाटाण्याएवढी, वजन जेमतेम अर्धा ग्रॅम; पण थायरॉइड, अ‍ॅड्रिनल, अंडाशय, वृषण सगळे तिच्या हुकमात. तिच्या डोक्यावरच दोन्ही डोळ्यांच्या नसांचे काही तंतू एकमेकांना ओलांडतात. ग्रंथीतली गाठ (बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात) वर वाढली की नेमके हे ओलांडणारे तंतू दबतात. कडेचं दृश्य तेच आणतात, म्हणून आधी कडा जातात.

प्रत्येक गाठीला शस्त्रक्रिया लागत नाही. प्रोलॅक्टिन (अंगावर दूध आणणारं हार्मोन) बनवणाऱ्या गाठी कॅबरगोलीनच्या गोळ्यांनीच बहुधा आक्रसतात. म्हणून तातडीची वेळ नसेल, तर रक्तातलं प्रोलॅक्टिन मोजल्याशिवाय शस्त्रक्रियेची तारीख ठरूच नये.

जिथे ती लागते तिथे बहुतेकदा कवटी उघडत नाहीत. ग्रंथीच्या खाली हवेने भरलेला एक सायनस आहे, तो नाकाच्या मागच्या बाजूला उघडतो. १९०७ साली इन्सब्रुकला हेर्मान श्लोफर यांनी नाकावाटे पहिल्यांदा अशी गाठ काढली. अमेरिकेत हार्वे कुशिंग यांनी सायनसची ही वाट दोनशेहून अधिक वेळा धरली आणि मग स्वतःच सोडली. त्यांचा दबदबा असा, की इतरांनीही ती टाकली. एडिनबरोच्या नॉर्मन डॉट यांनी मात्र टाकली नाही. त्यांच्याकडून पॅरिसचे जेरार गियो शिकले, गियोंकडून मॉन्ट्रियलचे ज्यूल्स हार्डी. आणि हार्डींनी १९६०च्या दशकात या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक आणला. इतक्या मोजक्या हातांवर ही विद्या तगली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आज अनेक ठिकाणी सूक्ष्मदर्शकाऐवजी दुर्बीण वापरतात. नाक-कान-घसा तज्ज्ञ वाट करून देतात, न्यूरोसर्जन पातळ हाड आणि ग्रंथीचं आवरण उघडून गाठ खरवडून काढतात. मेंदूभोवतीचं पाणी झिरपू नये म्हणून गरजेप्रमाणे पोटाची चरबी किंवा नाकाचं अस्तर लावून भोक बुजवतात.

घरी गेल्यावर पुढे वाकताच नाकातून नितळ पाणी ठिबकलं, तर ती सर्दी समजू नये, लगेच कळवावं. नाक जोरात शिंकरू नये. अनावर तहान आणि सतत लघवी हीसुद्धा खूण आहे, लघवी आवरणारं हार्मोन कमी पडल्याची. कॉर्टिसोलच्या, म्हणजे अ‍ॅड्रिनलच्या हार्मोनच्या, गोळ्या दिल्या असतील, तर त्या मनाने बंद करणं जिवावर बेतू शकतं.

नजरेचं म्हणाल, तर नसा किती काळ दबल्या होत्या यावर बरंच अवलंबून असतं. दाब वेळेत उतरला, तर काहींना भूल उतरल्यावर काही तासांतच खोलीच्या दोन्ही कडा पुन्हा दिसू लागतात.