तट पाडून वसवलेले कोल्चेस्टर

इ.स. ४९ मध्ये रोमन सैन्याचे विसावे लिजन (मोठे पायदळ पथक) इंग्लंडमधल्या कोल्चेस्टरहून पश्चिमेला, वेल्समधल्या सिल्युर टोळीवर पाठवण्यात आले. मागे उरलेल्या सुमारे २० हेक्टरांच्या छावणीत निवृत्त शिपायांची वसाहत बसली. हिशेब सरळ होता. लिजनमधून निवृत्त होणाऱ्याला एकरकमी ३,००० दिनार देणे लागत. त्याऐवजी जिंकलेली जमीन दिली की तिजोरी वाचे आणि पिछाडीला कसलेली माणसेही राहत. बांधकामाचा खर्चही वाचला. छावणीतले बरेच रस्ते तसेच ठेवले, काही बराकींची घरे केली.

वाद आहे तो तटाचा. मातीचा तट सपाट केला, खाली निमुळता होत गेलेला खंदक बुजवला आणि त्यावर इमारती उभ्या राहिल्या. रोमन इतिहासकार टॅसिटसने पुढे याचे खापर सेनानींवर फोडले: उपयोगापेक्षा त्यांना शोभा प्यारी होती. हा ठपका अर्धाच खरा. एवढ्या छावणीचा घेर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास भरतो आणि तो आखला होता सुमारे पाच हजारांच्या लिजनसाठी. तेवढ्या लांबीवर पहारा देणे, पावसाने ढासळलेली माती पुन्हा चढवत राहणे शेतीला लागलेल्या उतारवयातल्या शिपायांना झेपणारे नव्हते. शिवाय नगर पूर्वेकडे वाढवायचे होते, सम्राट क्लॉडियसचे मंदिरही तिकडेच. जुना तट आडवा येत होता. पण बाहेरून नवा खंदक तरी खणायला हवा होता. तोही खणला नाही.

त्यात जमिनीचा राग. वसाहतवाल्यांनी तिथल्या त्रिनोव्हांत टोळीच्या लोकांना घराशेतांतून हुसकले. सेवेतले शिपाई त्यांना अडवण्याऐवजी चिथावत, कारण उद्या हीच मोकळीक त्यांनाही हवी होती. मंदिराच्या खर्चाचा भार पडला तोही स्थानिकांवर. ६०-६१ च्या, बूडिका राणीच्या उठावात वसाहतीच्या मदतीला आले जेमतेम २०० जण, तेही धड शस्त्रांविना. मंदिर दोन दिवस टिकले. सोडवायला निघालेल्या नवव्या लिजनचे पायदळ वाटेतच कापले गेले. मातीच्या कच्च्या भिंती आगीत भाजून विटेसारख्या लाल झाल्या. शहरात पाया खणताना तो थर अजून लागतो.

दगडी तट आला तो उठावानंतर, सुमारे २.८ किलोमीटरचा. पहिल्या शतकाच्या अखेरीस लिंकन आणि ग्लॉस्टरच्या छावण्यांच्या वसाहती झाल्या, तेव्हा जुना तट कोणी पाडला नाही. त्यालाच दगडी दर्शनी भिंत चढवली. उत्तरेत, १२२ पासून उभारलेल्या सम्राट हेड्रियनच्या भिंतीलगत, अशा वसाहती बसवल्याच नाहीत. तिथल्या सहायक पलटणींत २५ वर्षे काढलेल्याला रोमन नागरिकत्व मिळे आणि पुरावा म्हणून काशाचा दुहेरी पत्रा घेता येई. १४० च्या सुमारास सेवाकाळात झालेली मुले या सवलतीतून वगळली गेली. १९७ मध्ये शिपायांवरची लग्नबंदी उठली. त्याआधीही किल्ल्यांबाहेरच्या वस्त्यांत त्यांचे संसार होतेच. तिसऱ्या शतकात यॉर्कला नदीपलीकडच्या वस्तीला वसाहतीचा दर्जा मिळाला, तोवर तो निव्वळ मानाचा किताब उरला होता. त्यासाठी कोणाला जमीन वाटावी लागली नाही.