काइल हाइन्स: अमेरिकेबाहेर घडलेले सोळा हंगाम

अमेरिकन बास्केटबॉलपटू काइल हाइन्स एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगचा, एकही सामना खेळला नाही. तरीही युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेतल्या, युरोलीगमधल्या, थोर बचावपटूंची यादी त्याच्या नावाशिवाय पुरी होत नाही. 2012, 2013, 2016 आणि 2019 अशी चार विजेतेपदं, 2016, 2018 आणि 2022 असा तीनदा सर्वोत्तम बचावपटूचा मान आणि चारशेहून अधिक युरोलीग सामने, एवढं त्याच्या खात्यावर आहे. 'एनबीएत जमलं नाही म्हणून युरोपात गेला' असं अशा खेळाडूंबद्दल सर्रास म्हटलं जातं. हाइन्सच्या बाबतीत ते चुकीचं आहे. त्याच्या अंगात जो खेळ होता, त्याला युरोपातले नियम आणि तिथली संघबांधणी अचूक जुळली.

ही वाट जुनी आहे. प्रिन्स्टनचा बिल ब्रॅडली 1965-66 मध्ये ऑक्सफर्डला शिकत असताना मिलानच्या ऑलिंपिया संघाकडून युरोपीय चषकाचे सामने खेळायला जायचा, आणि 1966 मध्ये त्या संघाने चषक जिंकला. पुढे तो एनबीएत गेला आणि नंतर सिनेटर झाला. एनबीएत 'सर्वोत्तम खेळाडू' ठरलेला बॉब मॅकअडू कारकिर्दीच्या उत्तरार्धात मिलानलाच आला आणि 1987 व 1988 चे युरोपीय चषक जिंकून गेला. त्या काळात प्रत्येक संघाला विदेशी खेळाडूंच्या मोजक्याच जागा असत, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याने गुणांचा ढीग रचावा हीच अपेक्षा असे.

फुटबॉलपटू बोस्मनच्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने डिसेंबर 1995 मध्ये दिलेल्या निकालाने हे चित्र पालटलं. युरोपीय संघातल्या देशांच्या नागरिकांवर जागांची मर्यादा घालता येईना, मात्र अमेरिकन 'विदेशी'च राहिले. तेव्हापासून दुसऱ्या पासपोर्टला मोल आलं. आजोबा-पणजोबांच्या मुळावरून किंवा एखाद्या देशाने खास नागरिकत्व दिल्यामुळे असा पासपोर्ट मिळाला, की क्लबची एक विदेशी जागा मोकळी होऊ शकते. राष्ट्रीय संघाला मात्र फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमाने असा एकच खेळाडू उतरवता येतो. अमेरिकन बो मॅककॅलेब 2011 च्या युरोबास्केटमध्ये, म्हणजे युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेत, मॅसेडोनियाकडून खेळला आणि तो छोटा देश चौथा आला, हे या नियमाचं ठळक उदाहरण.

हाइन्स न्यू जर्सीचा. ग्रीन्सबरोच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात त्याने दोन हजारांहून अधिक गुण, हजारावर रिबाउंड (हुकलेला चेंडू पकडणं) आणि तीनशेवर ब्लॉक (समोरच्याचा फेकलेला चेंडू अडवणं) केले. 2008 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, साठ नावं पुकारली गेली, त्यांत तो नव्हता. अडचण उंचीची होती. सहा फूट सहा इंच म्हणजे 1.98 मीटर, आणि खेळ पक्क्या सेंटरचा, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूचा. एनबीएत तीस संघांचे मिळून साडेचारशेच्या आसपास पूर्ण करार असतात आणि तिथे या उंचीचा माणूस बाहेरून नेम धरणारा असावा लागतो. हाइन्स तसा नव्हता.

म्हणून पहिली नोकरी इटलीच्या दुसऱ्या श्रेणीत, रोमच्या आग्नेयेच्या वेरोली गावात. नवख्या अमेरिकन खेळाडूसाठी ही पायरी शहाणपणाची असते. वरच्या श्रेणीत बाकावर बसून राहिलं तर पुढच्या वर्षी दाखवायला काही उरत नाही. खालच्या श्रेणीत अमेरिकन मोजकेच असतात, त्यामुळे मैदानावर भरपूर वेळ मिळतो आणि चित्रफितींचा साठा तयार होतो. हाइन्स तिथे दोन वर्षं राहिला.

अशा करारात काय असतं, हे ठाऊक असलं म्हणजे बाकीचं कोडं सुटतं. पगार बहुधा 'निव्वळ' ठरतो, म्हणजे स्थानिक कर क्लब भरतो. महिन्याचे हप्ते, सजवलेलं घर, गाडी, जाण्या-येण्याची विमानतिकिटं आणि एजंटचं शुल्क यांची कलमं वेगळी असतात. खेळाडू पोहोचल्यावर दोन-तीन दिवसांत वैद्यकीय तपासणी होते आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय पगाराची हमी लागू होत नाही. तपासणीची मुदत करारात लिहिलेली नसेल, तर क्लब पंधरा दिवस सराव करून घेऊन 'गुडघा बरा नाही' म्हणत परत पाठवू शकतो. त्यासोबत लागतं क्लिअरन्स लेटर. आधी ज्या देशात खेळलो त्या देशाच्या महासंघाने ते दिल्याशिवाय नव्या क्लबकडून मैदानात उतरता येत नाही. जुना करार अजून चालू असेल तरच ते अडवता येतं, पैशांच्या वादावरून नाही.

सर्वांत जास्त घोळ थकलेल्या पगाराचा होतो. त्यासाठी फिबाने 2007 मध्ये जिनिव्हात लवाद सुरू केला. एकच लवादकर्ता, कामकाज इंग्रजीत, आणि निकाल कुठल्याही एका देशाच्या कायद्याला बांधील न राहता न्याय्यतेच्या कसोटीवर. निकाल देऊनही क्लबने पैसे दिले नाहीत, तर फिबा त्याला नवे विदेशी खेळाडू नोंदवू देत नाही. हा फास क्लबला खरोखर जाणवतो. पण करारात या लवादाचं कलम हवं. ते नसेल तर खेळाडू परक्या शहरातल्या कोर्टात, परक्या भाषेत, वर्षानुवर्षं अडकतो. दुसरी चूक कराची. अमेरिकन नागरिकाला जगात कुठेही कमावलं तरी मायदेशी विवरणपत्र भरावं लागतं, आणि क्लबने कर भरल्याचा दाखला हातात नसेल तर तिथे मिळणारी सवलत सिद्ध करता येत नाही. हंगाम संपल्यावर विमानात बसण्याआधी तो दाखला मागून घ्यावा. नंतर फोन उचलला जात नाही.

2010 मध्ये हाइन्स जर्मनीत बांबर्गला गेला. योग असा, की त्याच हंगामापासून फिबाची तीन गुणांची रेषा 6.25 वरून 6.75 मीटरवर गेली आणि रिंगखालचा समलंब रंगीत भाग आयताकृती झाला. खेळ पसरला. आता सेंटरला रिंगखाली रुतून राहणं परवडेना, बाहेर येऊन गार्डला, म्हणजे चेंडू हाताळणाऱ्या चपळ खेळाडूला, अडवावं लागू लागलं. शिवाय फिबाच्या नियमात बचाव करणाऱ्यावर रिंगखाली थांबण्याचं तीन सेकंदांचं बंधन नाही, आणि रिंगला लागलेला चेंडू कुणीही काढून टाकू शकतो. हाइन्ससाठी हे सगळं जणू मापाने शिवलेलं होतं. बांबर्ग 2011 चा विजेता ठरला आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू हाइन्स.

त्याचा बचाव जवळून पाहावा. समोरचा उंच सेंटर वर येऊन चेंडूवाल्या गार्डसाठी स्क्रीन लावतो, म्हणजे त्याला अडवणाऱ्याच्या वाटेत उभा राहतो. नेहमीचा सेंटर दोन पावलं मागे सरतो, की गार्डला मोकळा जंप शॉट मिळतो. तो पुढे झेपावला, तर त्याच्या पाठीमागून सेंटर रिंगकडे सुटतो आणि त्याला थोपवायला कोपऱ्यातला माणूस आत आला, की कोपरा उघडा पडतो. हाइन्स सरळ अदलाबदल करायचा, म्हणजे गार्डला स्वतः धरायचा. कंबर खाली, छाती गार्डसमोर, हातभर अंतर, पाय छोट्या छोट्या पावलांनी सरकते. गार्डला वाटायचं, मंद सेंटर सापडला. पण तो सुटायचा नाही आणि एका चढाईला मिळणाऱ्या चोवीस सेकंदांतले दहा-बारा तिथेच जळायचे. यातली धोक्याची जागा दुसरीकडे असते. हाइन्सच्या संघाचा छोटा गार्ड आता रिंगखाली उंच सेंटरपाशी एकटा असतो. त्याने सेंटरच्या पुढे उभं राहून पास तोडायचा. हे जमतं, पण चेंडूवर दाब असेल तरच. दाब ढिला पडला की वरून चेंडू पडतो आणि दोन गुण जातात. म्हणजे हाइन्सच्या पायांवर सगळ्या संघाचा बचाव तोललेला असायचा.

ग्रीसमधल्या पिरेअसच्या ऑलिंपियाकोसने 2011 मध्ये त्याला घेतलं, तेव्हा प्रशिक्षक होते दुशान इव्हकोविच. इस्तंबूलच्या 2012 च्या अंतिम सामन्यात मॉस्कोचा सीएसकेए 53-34 असा पुढे होता. तिथून ऑलिंपियाकोसने 62-61 असा सामना काढला. स्पानूलिसच्या पासवर प्रिंतेझिसने शेवटचा चेंडू टाकला तेव्हा घड्याळात सेकंदही उरला नव्हता. पुढच्या वर्षी लंडनला रेआल माद्रिदला 100-88 हरवून त्यांनी चषक राखला.

ज्यांच्याविरुद्ध पहिला चषक जिंकला, त्याच सीएसकेएकडे तो 2013 मध्ये गेला आणि सात हंगाम टिकला. परदेशी खेळाडू वर्षाला क्लब बदलतात, तिथे सात वर्षं ही मोठी गोष्ट. प्रशिक्षक इतूदिसच्या हाताखाली 2016 मध्ये बर्लिनला फेनरबाचेवर जादा वेळेत 101-96 आणि 2019 मध्ये व्हितोरियाला एफेसवर 91-83 असे दोन चषक आले.

2020 मध्ये तो मिलानला आला, म्हणजे ब्रॅडली आणि मॅकअडूच्या क्लबात. प्रशिक्षक एत्तोरे मेसिना त्याला सीएसकेएपासून ओळखत होते. इथे एक वेगळाच हिशेब होता. युरोलीगमध्ये विदेशी खेळाडूंवर मर्यादा नाही, पण इटालियन लीगच्या बारा जणांच्या यादीत सहा इटालियन आणि सहा विदेशी. मिलानकडे विदेशी त्याहून जास्त, त्यामुळे गुरुवारी युरोलीग खेळलेला खेळाडू रविवारी साध्या कपड्यांत प्रेक्षकांत बसलेला दिसे. 2022, 2023 आणि 2024 अशी सलग तीन इटालियन विजेतेपदं मिलानने जिंकली, तिन्ही अंतिम मालिकांत समोर बोलोन्याचा व्हर्टुस. तिसऱ्यानंतर, सदतीस वर्षांचा असताना, हाइन्स थांबला.