एमआयएस-सी (मुलांमधील कोविडोत्तर बहुअवयवी दाह)

कोविडचा संसर्ग होऊन गेल्यावर साधारण २ ते ६ आठवड्यांनी लहान मुलांत उद्भवणारा, एकाच वेळी अनेक अवयवांना दाह आणणारा आजार. पूर्ण नाव मल्टिसिस्टिम इन्फ्लमेटरी सिंड्रोम इन चिल्ड्रन. हा विषाणूचा थेट हल्ला नव्हे. विषाणू ओसरल्यावर भडकलेल्या प्रतिकारशक्तीचा हा परिणाम आहे. मूळ संसर्ग पुष्कळदा इतका सौम्य असतो, की घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांनी याविषयी पहिला इशारा दिला. लंडनमधील ८ मुलांची माहिती मे महिन्यात प्रसिद्ध झाली आणि १५ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने प्राथमिक व्याख्या मांडली. सुरुवातीला हा कावासाकी आजारच (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना दाह आणणारा आजार) वाटला होता. कावासाकी मात्र मुख्यतः ५ वर्षांखालील मुलांना होतो, तर एमआयएस-सी बहुधा शाळकरी वयात दिसतो आणि त्यात पोटाच्या तक्रारी व शॉक (अवयवांना पुरेसा रक्तपुरवठा न होण्याची गंभीर अवस्था) अधिक आढळतात.

तीन-चार दिवस न उतरणारा ताप, उलट्या, जुलाब, लाल पण चिपडे न येणारे डोळे, अंगावर पुरळ, फुटलेले लाल ओठ ही नेहमीची लक्षणे. पोटदुखी कधी इतकी तीव्र असते, की अपेंडिक्सचा संशय येतो. आपत्कालीन विभागात खरा धोका वेगळाच असतो. मुलांचा रक्तदाब शेवटपर्यंत टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. म्हणून रक्तदाबाचा आकडा चांगला दिसला तरी गार पडलेले हातपाय, तापाच्या मानाने फार जलद नाडी आणि नख दाबून सोडल्यावर उशिरा परतणारी लाली यांकडे आधी पाहावे. ‘गेल्या महिना-दीड महिन्यात घरात कुणाला कोविड किंवा सर्दी-ताप होता का?’ हा प्रश्न चुकवू नये.

रक्तात सीआरपी व फेरिटिन (दाह दाखवणारी प्रथिने) आणि डी-डायमर (रक्त गोठण्याची खूण) वाढलेले, तर लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), प्लेटलेट व सोडियम कमी आढळतात. आरटी-पीसीआर अनेकदा निगेटिव्ह येते, प्रतिपिंडे मात्र सापडतात. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन), ईसीजी व टू-डी एको (हृदयाची सोनोग्राफी) यांवरून हृदयाची अवस्था कळते.

महाराष्ट्रात पावसाळ्यात निदान अधिकच अवघड होते. ताप, पुरळ, घटलेल्या प्लेटलेट आणि शॉक हे सारे डेंग्यूतही असते. डेंग्यूत रक्त घट्ट होऊन हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) वाढते. स्क्रब टायफसमध्ये (सूक्ष्म किड्याच्या चाव्यातून होणारा ताप) काखेत वा जांघेत काळी खपली सापडू शकते. ती कपडे काढून शोधावी लागते. विषमज्वर, हिवताप व जंतुसंसर्ग वगळेपर्यंत, रक्ताचे कल्चर (रक्तात जंतू वाढतात का, ही तपासणी) घेऊन प्रतिजैविके सुरू ठेवतात.

शॉक असल्यास सलाईन एकदम ओतत नाहीत. हृदय आधीच दुबळे असू शकते, म्हणून वजनाच्या दर किलोमागे सुमारे १० मिलि किंवा त्याहून कमी देऊन प्रत्येक वेळी यकृत वाढले का, फुप्फुसांत करकर ऐकू येते का, हे तपासतात. गरजेनुसार अ‍ॅड्रेनलिन (हृदयाला जोर देऊन रक्तदाब सावरणारे औषध) लवकर सुरू करतात. मुख्य औषधे दोन: शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रक्तदात्यांकडून मिळवलेली प्रतिपिंडे (किलोमागे २ ग्रॅम, हृदय कमजोर असल्यास सावकाश), आणि मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड (किलोमागे रोज १-२ मिलिग्रॅम). रक्तस्रावाचा धोका नसल्यास अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिन देतात. बहुतेक मुले बरी होतात.

घरी सोडल्यानंतरही काही आठवड्यांनी एको पुन्हा करावा लागतो. इम्युनोग्लोब्युलिन दिलेल्या मुलाची गोवर-रुबेला व कांजिण्यांची लस सामान्यतः ११ महिने पुढे ढकलतात. ही नोंद डिस्चार्ज कार्डावर असायला हवी.