कधीच पेटू नये असं रॉकेट

प्रवासी विमानांना एकेकाळी रॉकेटं लावत, हे ऐकलं की डोळ्यांसमोर धुराचे लोट सोडत आकाशात झेपावणारं विमान येतं. लष्करी विमानांबाबत ते चित्र खरंच आहे. अमेरिकी नौदलाच्या ब्लू एंजल्स पथकाचं 'फॅट अल्बर्ट' हे हर्क्युलिस विमान २००९पर्यंत आठ रॉकेटं पेटवून प्रेक्षकांपुढे असंच उडायचं. प्रवासी विमानावरच्या रॉकेटाची गोष्ट मात्र उलटी होती. ते लावायचं, त्याच्या जोरावर जास्त वजन न्यायचं आणि ते पेटवायची वेळच येऊ नये अशी अपेक्षा ठेवायची.

अडचण उंचावरच्या विमानतळांची. मेक्सिको सिटीचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे २,२३० मीटरवर आहे. तिथे पारा २५ अंशांवर गेला की हवेची घनता समुद्रकिनाऱ्यावरच्या जेमतेम तीन-चतुर्थांश उरते. पंखांना तेवढाच आधार मिळवायचा तर जास्त वेगाने धावावं लागतं आणि नेमका तो वेग गाठून देणाऱ्या जेट इंजिनांनाही हवा कमी पडते. रॉकेट इंधन जाळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच्याच पोटात घेऊन निघतं. विरळ हवेत त्याचा रेटा घटत नाही, उलट किंचित वाढतो.

पण खरी मेख नियमात आहे. उड्डाणाच्या ऐन मोक्याच्या क्षणी एक इंजिन बंद पडलं, तरी उरलेल्यांवर विमान चढलंच पाहिजे. चाकं आत घेतल्यावर तीन इंजिनांच्या विमानाला निदान २.७ टक्के चढ जमावा लागतो, म्हणजे शंभर मीटर पुढे जाताना २.७ मीटर वर. तिन्ही इंजिनं चालू असताना हे किरकोळ आहे. तरीही विमानाचं वजन ठरतं ते सहसा न घडणाऱ्या त्या बिघाडावरून आणि त्यापायी रोजच्या फेरीत माल किंवा प्रवासी खाली ठेवावे लागतात. ही तूट रॉकेटाने भरून काढायची. म्हणजे हा विमाच, फक्त हप्ता वजनात भरायचा. अमेरिकेच्या मोठ्या विमानांच्या नियमावलीत, भाग २५च्या परिशिष्ट 'ई'मध्ये, फक्त आणीबाणीत पेटवायच्या अशा राखीव रॉकेटांसाठी वजनाची सवलत लिहून ठेवलेली आहे. मेक्सिकाना कंपनीच्या बोइंग ७२७-२०० विमानांवर अशी रॉकेटं बसवण्याची सोय होती.

फायदा किती? एरोजेट कंपनीचं एक प्रचलित रॉकेट-नळकांडं १५ सेकंद सुमारे ४५० किलोचा रेटा द्यायचं. ८० टनांच्या विमानाला अशी चार लावली तर १,८०० किलो, म्हणजे वजनाच्या सव्वादोन टक्के. चढात भर पडते तीही तेवढीच. सेकंदाला ८० मीटर वेगाने १५ सेकंदांत विमान १,२०० मीटर जातं, म्हणजे रॉकेटामुळे जास्तीची उंची मिळाली २७ मीटर. ऐकायला फारच थोडी वाटते. पण चाकं अजून खाली लोंबत असतात, हवेचा अडथळा सर्वांत जास्त असतो, तेव्हाच हे २७ मीटर हवे असतात.

या नळकांड्यांमागे डांबर आहे, अगदी रस्त्यावरचं. कॅलिफोर्नियात १९४१च्या ऑगस्टमध्ये एर्कूप नावाच्या छोट्या विमानाला रॉकेटं लावून अमेरिकेतल्या पहिल्या चाचण्या झाल्या. धावपट्टीवरची धाव जवळपास निम्म्यावर आली. पण त्या रॉकेटांत दाबून भरलेल्या दारूला, म्हणजे घन इंधनाला, साठवणीत भेगा पडत. भेग पडली की जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, आतला दाब चढतो आणि नळकांडं फुटतं. १९४२मध्ये रॉकेट-इंधनावर काम करणाऱ्या जॅक पार्सन्सने वितळलेल्या डांबरात ऑक्सिजन पुरवणारं पोटॅशियम परक्लोरेट मिसळून ते साच्यात ओतावं तसं ओतलं. डांबर लवचीक, त्यामुळे भेगांचा प्रश्न बराच सुटला. मात्र घन इंधन एकदा पेटलं की वैमानिकाच्या हातात काहीच उरत नाही.

ब्रिटनमध्ये वेगळी वाट धरली गेली. १९५१मध्ये डी हॅविलंड कंपनीने कॉमेट या पहिल्या जेट प्रवासी विमानावर 'स्प्राइट' रॉकेटं बसवून चाचण्या घेतल्या. यांत ज्वाळा नव्हतीच. तीव्र हायड्रोजन पेरॉक्साइडचं उत्प्रेरकाने विघटन करायचं आणि तापलेली वाफ व ऑक्सिजन मागे फेकायचा. एका स्प्राइटचा रेटा कॉमेटच्या एका इंजिनाइतका, म्हणजे दोन लावली की चार इंजिनांच्या विमानाला काही सेकंदांपुरती सहा इंजिनं. कल्पना मला आजही देखणी वाटते, पण रोजच्या वाहतुकीला ती झेपली असती असं वाटत नाही. तीव्र पेरॉक्साइडला तेलाचा किंवा घाणीचा अंशही खपत नाही आणि विमानतळावर या दोन्हींना तोटा नसतो. पुढच्या कॉमेटना जास्त ताकदीची एव्हन इंजिनं मिळाली आणि रॉकेटाची गरजच संपली.

इतर विमानांचंही तेच झालं. त्यात मौज अशी, की इंजिनं कमी झाली आणि शिल्लक ताकद वाढली. दोन इंजिनांच्या विमानाला निम्म्या रेट्यावर २.४ टक्के चढायचं असतं, त्यामुळे दोन्ही चालू असताना त्याच्याकडे भरपूर जोर उरतो. बोलिव्हियातला एल आल्तो विमानतळ ४,०६१ मीटरवर आहे. तिथूनही दोन इंजिनांची जेट विमानं उडतात, ती चार किलोमीटरच्या धावपट्टीवरून. लांबच्या प्रवासाला वजन जास्त होत असेल तर इंधन कमी घेऊन निघायचं आणि सखल भागातल्या एखाद्या विमानतळावर उतरून टाक्या भरायच्या.