सर्व्हे आणि मोजणी: यंत्र एकच, प्रश्न वेगळा

आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड संपवून मी एका रस्त्याच्या कामावर अप्रेंटिस म्हणून लागलो. त्या पहिल्याच दिवाळीत तात्यांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, मला शेतात नेलं. म्हणाले, "दोन वर्षं मोजायचं शिकलास ना? मग आपलं रान मोजून दे एकदा."

साइटवरचं टोटल स्टेशन, म्हणजे कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं यंत्र, साहेबांना विचारून घेऊन आलो. चुलतभाऊ प्रिझम धरून बांधाच्या कडेकडेनं फिरला, मी सगळे कोपरे घेतले, रात्री ऑटोकॅडमध्ये आकृती जोडली. क्षेत्र आलं ८३ गुंठे. सातबाऱ्यावर होतं ०.८९ हेक्टर, म्हणजे ८८ गुंठे. तात्यांनी कागद हातात घेतला आणि काही न बोलता शेजाऱ्यांच्या बांधाकडे बघितलं. तिथून सुरू झालेलं भांडण दीड वर्ष चाललं. दोन घरांचं येणंजाणं थांबलं, आणि त्याला कारण माझा कागद होता.

माझ्या मोजमापात चूक नव्हती. बांध तसेच असतील तर आज मोजलं तरी ८३ गुंठेच येतील. चुकलं ते हे की सर्व्हे करता येतो म्हणजे मोजणी करता येते, असं मी धरून चाललो. बोलताना आपण हे दोन्ही शब्द एकाच अर्थानं वापरतो. दोन्हीकडे तिपाई असते, यंत्र असतं, हातात नकाशा असतो. म्हणूनच फरक सांगायला थोडं खोलात जावं लागतं.

आधी सर्व्हे. आपल्याकडे तो शिकायच्या मुख्य वाटा दोन. दहावीनंतर आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेक्षक ट्रेड, किंवा तंत्रनिकेतनातली तीन वर्षांची स्थापत्य पदविका. पदविकेत सर्वेक्षण हे इतर विषयांमधलं एक असतं. काँक्रीट, बांधकाम साहित्य, पाणीपुरवठा, अंदाजपत्रकं असं बरंच काही सोबत असतं. आयटीआयत मात्र दिवसच मोजण्यात जातो. साखळी ओढायची, रेंजिंग रॉड सरळ रेषेत लावायचे, होकायंत्रानं दिशा घ्यायच्या, प्लेन टेबलवर कागद ताणून जागेवरच नकाशा काढायचा, डंपी लेव्हल लावून स्टाफ, म्हणजे आकडे असलेली उभी पट्टी, वाचायचा, थिओडोलाइटनं कोन घ्यायचे. मग टोटल स्टेशन, जीपीएस, ऑटोकॅड. उन्हात बबल मध्यावर आणता आणता हात बसतो. हे हाताचं वळण वाचून येत नाही, आणि आयटीआयची खरी कमाई मला तीच वाटते.

या सगळ्या शिक्षणाच्या मुळाशी एकच प्रश्न असतो: समोर जे आहे ते कुठे आहे आणि किती उंचीवर आहे? झाड इथे, विहीर तिथे, नाल्याचा तळ एवढा खोल. जमीन सांगते, कागद लिहून घेतो. काम बरोबर झालं का, हेही त्या कामातच तपासता येतं. पाच कोपऱ्यांची आकृती फिरून आलो तर आतल्या कोनांची बेरीज ५४० अंश भरली पाहिजे. लेव्हलिंगमध्ये, म्हणजे उंची मोजताना, सगळ्या बॅकसाइटच्या (मागच्या बिंदूवरच्या वाचनांच्या) बेरजेतून फोरसाइटची (पुढच्या बिंदूवरच्या वाचनांची) बेरीज वजा केली की शेवटच्या आणि पहिल्या पातळीतला फरक यायला हवा. नाही आला तर निदेशक पान फाडून पुन्हा पाठवायचे. शेजारी काय म्हणतो, आजोबांनी काय सांगितलं होतं, याचा त्यात काही संबंध नसतो.

मोजणीचा प्रश्न दुसराच आहे. गटाची हद्द अभिलेखात जिथे घातली आहे, ती रेषा आज जमिनीवर कुठून जाते? इथे सांगतो कागद, आणि जमिनीवर जाऊन ते शोधायचं असतं. दिशा अगदी उलटी.

हा कागद कुठून आला, हे कळल्याशिवाय मोजणी कळत नाही. शिवकाळातही जमीन मोजली जायची. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्या औरसचौरस म्हणजे बिघा आणि १२० बिघ्यांचा चावर. पण आज भूमी अभिलेख कार्यालयात आपल्याला जे मिळतं त्याची सुरुवात इंग्रजी अमदानीतली. १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूर तालुक्यात मोजणी आणि आकारणी सुरू केली आणि ती पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, तो तिथून. हत्यारं होती शंकू, म्हणजे काटकोन साधायचं साधन, आणि साखळी. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे १,०८९ चौरस फूट, हाच आपला गुंठा. असे चाळीस झाले की एकर. गुंठ्याचा आकडा इतका वाकडा का, हे मला आयटीआयत साखळी ओढूनही कळलं नव्हतं. जुनं टिपण हातात आल्यावर कळलं.

टिपण म्हणजे त्या वेळी शेतात उभं राहून काढलेलं रेखाटन. ते प्रमाणात नसतं. शेताच्या मधून एक रेषा, तिच्यावर काटकोनात दोन्ही बाजूंना घेतलेली अंतरं आणि आकडे साखळी-आण्यात. आमच्या टिपणावर रस्त्याकडची बाजू १२ साखळी ९ आणे लिहिली आहे. हिशेब करा: बारा साखळ्यांचे ३९६ फूट, नऊ आण्यांचे १८.५६ फूट, मिळून ४१४.५६ फूट, म्हणजे १२६.३६ मीटर. एक आणा जवळपास ६३ सेंटिमीटरचा. ज्यानं आण्यापर्यंतच वाचलं, त्याच्या आकड्यात अर्धा आणा, म्हणजे ३१ सेंटिमीटर, इकडे-तिकडे धरावाच लागतो. सव्वाशे मीटर लांबीच्या बांधावर ३१ सेंटिमीटरची पट्टी म्हणजे पाव गुंठ्याहून जास्त जमीन. यात त्या माणसाचा दोष नाही. त्याला शेतसारा ठरवायचा होता आणि त्याला एवढी अचूकता पुरत होती. आपण मात्र त्याच आकड्यांवर आज काटेरी तार ठोकतो.

पुढे या मूळ कागदावर थर चढत गेले. वाटण्या झाल्या, हिस्से पडले, त्यांच्या फाळण्या, म्हणजे हिश्श्यांच्या मापांचे कागद, निघाल्या. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानुसार गावोगावी एकत्रीकरण योजना राबवली गेली आणि तिथे सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. रस्ता, कालवा गेला तिथे क्षेत्र कमी व्हायला हवं. त्यासाठी कमी-जास्त पत्रक करावं लागतं. ते झालं नसेल तर सातबारा जुनंच क्षेत्र दाखवत राहतो. हे वाक्य लक्षात असू द्या, आमच्या तात्यांचं प्रकरण शेवटी इथेच येऊन थांबलं.

आता मोजणी प्रत्यक्षात कशी होते ते बघू. तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करायचा, फी भरायची, तारीख पडते. लगतच्या कब्जेदारांना नोटिसा जातात, कारण एका बांधाला दोन मालक असतात आणि दुसऱ्याच्या पाठीमागे हद्द ठरवता येत नाही. ठरलेल्या दिवशी भूकरमापक येतो. पूर्वी तो प्लेन टेबल घेऊन यायचा, नंतर टोटल स्टेशन आलं, आता रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा शोधणारं यंत्र, असतो. भारतीय सर्वेक्षण विभागानं एकाच जागी कायमची उभारलेल्या कॉर्स स्थानकांकडून रोव्हरला सुधारणा मिळते आणि मोकळ्या रानात जागा काही सेंटिमीटरमध्ये सापडते.

या यंत्रानं तो आधी वहिवाटीचा नकाशा घेतो: आजचे बांध, विहीर, ओढा, रस्ता, आजूबाजूच्या गटांच्या हद्दी, आणि नशिबानं सापडलेच तर हद्दीचे जुने दगड. इथवरचं काम म्हणजे शुद्ध सर्व्हे. मी तात्यांच्या शेतात एवढंच केलं होतं, तेही अर्धवट, कारण मी शेजारच्या गटांत पाऊलही टाकलं नव्हतं.

खरी मोजणी यानंतर सुरू होते. टिपण, फाळणी, गट नकाशा यांवरून काढलेली जुनी आकृती या नव्या नकाशावर बसवायची. ती नीट बसत नाही. कागद आकसलेला असतो, साखळी ताणलेली असते, बांध दर नांगरटीला थोडा सरकलेला असतो. मग ज्या खुणा शंभर वर्षांत हललेल्या नाहीत असं मानता येतं त्या धरायच्या. गावाची शीव, तीन गट मिळतात तो कोपरा, जुनी विहीर. एका गटापुरतं बघून आकृती हवी तशी फिरवता येते, म्हणून चार गट लांबून बसवत यावं लागतं. कोणती खूण धरायची आणि कोणती सोडायची हे सूत्रानं सुटत नाही. तिथे अभिलेख वाचण्याची सवय लागते, आणि शेतात उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ऐकून घेण्याचा धीरही लागतो. आयटीआयच्या अभ्यासात भूकर नकाशाची ओळख होते, पण दुसऱ्यानं दीडशे वर्षांपूर्वी घेतलेली मापं आपल्या मापांवर बसवण्याचा सराव तिथे मला तरी मिळाला नव्हता.

शेवटी हद्दीच्या खुणा दाखवल्या जातात आणि मोजणीचा नकाशा मिळतो, ज्याला आपण क प्रत म्हणतो. नव्या पद्धतीत कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांशही नोंदले जातात, ही पुढच्या पिढीसाठी मोठी सोय आहे. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठांकडून निमताना मोजणी, म्हणजे फेरमोजणी, मागता येते. माझ्या ऑटोकॅडच्या कागदाला निमताना नव्हता, नोटीस नव्हती, लगतधारकाची सही नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ नं हद्द दाखवण्याचं काम ज्या यंत्रणेकडे दिलं, तिच्यात मी कुठेच नव्हतो. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. मोजणीनं हद्द कळते, ताबा मिळत नाही. शेजाऱ्याचं अतिक्रमण निघालं तरी ते काढण्याची वाट वेगळी असते.

मग खासगी सर्व्हेअरला कशाला बोलवायचं? भरपूर कामांना. शेततळं घ्यायचंय, समपातळीत ताली घालायच्यात, पाइपलाइनला उतार मिळतो का बघायचंय, घराचा पाया एका पातळीत हवाय. या सगळ्याला चांगला सर्व्हेअर लागतो आणि तिथे भूमी अभिलेखकडे जाण्यात अर्थ नाही. जमीन विकत घेताना, वाटणी करताना, कुंपण घालताना मात्र मोजणीच हवी. "सर्व्हे केलाय" असं विकणारा म्हणाला तर क प्रत मागा, आणि ती कोणत्या प्रकारच्या मोजणीची आहे तेही बघा. हद्द कायम, पोटहिस्सा आणि बिनशेती या वेगवेगळ्या मोजण्या आहेत.

ट्रेडला असलेल्या मुलामुलींशी मी हे आवर्जून बोलतो, कारण त्यांच्यातल्या अनेकांचं लक्ष भूकरमापकाच्या भरतीकडे असतं. त्या पदाला स्थापत्य पदविका किंवा दहावीसह आयटीआय सर्वेक्षक, दोन्ही चालत आलं आहे, सोबत टंकलेखनाचं प्रमाणपत्र. म्हणजे सर्व्हे शिकलेल्याला मोजणीच्या दारापर्यंत जाता येतं. पण टोटल स्टेशन आल्यावर शंकू, साखळी आणि प्लेन टेबल कशाला शिकायचं, असं म्हणून जी मुलं ते तास टाळतात, त्यांना टिपण समोर आल्यावर काही उलगडत नाही. मधली रेषा आणि काटकोनातली अंतरं ज्यानं स्वतः घेतली आहेत त्यालाच ते रेखाटन वाचता येतं. जमल्यास आपल्याच गावच्या एका गटाच्या टिपणाची नक्कल काढा, साखळी-आण्याचे मीटर करा आणि आकृती प्रमाणात काढून बघा. दोन रविवार पुरतात. फक्त ती आकृती घेऊन कोणाच्या बांधावर जाऊ नका.

तात्यांनी अखेर हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. मोजणीच्या दिवशी मी रजा काढून गेलो, आणि शेजारीही आले. भूकरमापकानं शेजाऱ्यांच्या बाजूची खूण दाखवली ती त्यांच्या बांधावरच आली, हातभर इकडे ना तिकडे. रस्त्याच्या बाजूची खूण मात्र आमच्या तालीपलीकडे चार मीटरवर, साइडपट्टीच्याही पुढे, डांबराच्या कडेला निघाली. पूर्वीची गाडीवाट रुंद होऊन रस्ता झाला होता आणि त्याचं कमी-जास्त पत्रक कधी झालंच नव्हतं. १२६ मीटर लांब आणि चार मीटर रुंद, साधारण ५०५ चौरस मीटर, म्हणजे बरोबर पाच गुंठे. क प्रत हातात आली त्या संध्याकाळी तात्यांनी तिची झेरॉक्स काढली आणि ती घेऊन ते स्वतः शेजाऱ्यांच्या घरी गेले.