देवस्थानाचा हिशोब विचारला की धर्म बुडतो?

सप्ताहाच्या वर्गणीचे दिवस आले की मोबाईलवर एक मेसेज हमखास फिरतो: “देवस्थानाला प्रश्न विचारणारा धर्मद्वेष्टा समजावा.” श्रद्धेला धक्का लागू नये, ही त्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. पण देव वेगळा आणि दानपेटीची किल्ली ज्याच्याकडं असते तो माणूस वेगळा.

संविधानाचं कलम २५ श्रद्धेचं स्वातंत्र्य देतं. कलम २६ पंथांना मालमत्ता सांभाळू देतं, पण “कायद्यानुसार”. हा शब्द फॉरवर्डमध्ये कधी येत नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक देवस्थानांना १९५० चा विश्वस्त कायदा लागू आहे. हिशोब ठेवणं आणि तपासून घेणं त्यातच आलं. वक्फ मिळकतींचा कायदा वेगळा, पण हिशोबातून सुटका तिथंही नाही. म्हणजे जमाखर्च विचारणारा कायद्यात आहे तेच मागतो. धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा व्हायला जाणूनबुजून, दुष्ट हेतूनं केलेला अपमान लागतो. “पत्र्याच्या शेडला किती लागले?” हा काही अपमान नव्हे. शिवीगाळ केली, कुणाच्या पूजेत अडथळा आणला, तर गोष्ट निराळी.

खात्री करायचीय? वर्गणीच्या पावतीवर नोंदणी क्रमांक बघा. तो घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात अर्ज करा, विश्वस्तांच्या नावांचा उतारा मागा. मराठवाड्यात निजामकाळापासूनच्या इनाम जमिनी बऱ्याच देवस्थानांकडं आहेत, तेव्हा सातबाराही काढा. आणि पैठणच्या नाथांनी भारुडांतून ढोंगी साधूंना काय काय सुनावलं, तेही एकदा ऐकाच.