पित्त झालंय म्हणजे नेमकं काय झालंय?

आपल्याकडे पित्त हा एकच शब्द किती ठिकाणी वापरतात बघा. डोकं दुखलं की पित्त, अंगावर गांधी उठल्या की पित्त, छातीत जळजळलं, मळमळलं, तोंड कडू झालं, सगळं पित्तच. मग कोणी कोकम सरबत देतं, कोणी मोरावळा, कोणी थंड दूध, आणि दोन दिवसांत बरं वाटलं तर काहीच हरकत नाही. पण तेच दुखणं तीन-चार आठवडे हटत नसेल तर पित्त हा शब्द जरा बाजूला ठेवा, कारण त्याच्या आड अगदी वेगवेगळे आजार असू शकतात.

खरं पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि लहान आतड्यात उतरून तेलातुपाच्या पचनाला मदत करतं. छातीत जळजळतं ते बहुतेक वेळा जठरातलं ॲसिड असतं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूची एक कडी असते, ती ढिली पडली की ॲसिड वर येतं, जेवून लगेच आडवं झालं की जास्त त्रास होतो तो त्यामुळेच. पित्ताशयातल्या खड्यांची कळ वेगळी असते, उजव्या बरगडीखाली किंवा पोटाच्या वरच्या भागात येते, बऱ्याचदा तेलकट जेवणानंतर, आणि पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाते.

माझ्या आत्याचं सांगते. तिच्या ओट्यावर मेथकुटाच्या डब्याला टेकवून ॲसिडिटीच्या गोळ्यांची पट्टी ठेवलेली असायची, आठ महिने. मेडिकलवाल्याकडून आणायची आणि जेवण झाल्यावर चहाबरोबर घ्यायची. खरं तर पँटोप्राझोल, ओमेप्राझोल या गोळ्या जेवणाआधी साधारण अर्धा तास रिकाम्या पोटी घ्यायच्या असतात, कारण जठरातले ॲसिड सोडणारे पंप जेवताना चालू होतात आणि गोळी तेव्हाच त्यांना बंद करू शकते. तरी थोडं बरं वाटायचं आणि तिथेच घोळ झाला, बरं वाटतंय म्हटल्यावर तपासणी कोण करणार. मग जिना चढताना दम लागायला लागला म्हणून रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात. एंडोस्कोपी केली, जठरात अल्सर म्हणजे जखम निघाली, त्यातून थेंबथेंब रक्त जात होतं. शौचाचा रंग डांबरासारखा काळा झालाय हे तिला दिसलं होतं पण बोलायची लाज वाटली.

अल्सर म्हटलं की आपण टेन्शन आणि तिखटाला दोष देतो, पूर्वी डॉक्टरसुद्धा द्यायचे. ऑस्ट्रेलियात पर्थला रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल या डॉक्टरांना जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचे जंतू सापडले, पण लोकांना पटेना, तेव्हा 1984 मध्ये मार्शलनी त्या जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन दाखवलं आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. आता हे जंतू मारायला साधारण 14 दिवस अँटिबायोटिक्स आणि ॲसिडची गोळी असा कोर्स असतो, तो मधेच सोडायचा नाही. अल्सरचं दुसरं मोठं कारण म्हणजे पेनकिलर, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन. आत्याच्या बाबतीत दोन्ही होतं, गुडघ्यासाठी ती रोज गोळी घेत होती.

पोट फुगणं, गॅस, मुरडा यांची कारणं अजून वेगळी. मोठेपणी अनेकांच्या आतड्यात दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज कमी होतं, मग चहापुरतं दूध चालतं पण ग्लासभर प्यायलं की पोटात गुडगुड सुरू, आणि त्याच माणसाला दही-ताक बऱ्याचदा चालतं. काहींना गव्हातलं ग्लूटेन सोसत नाही, त्याला सिलिॲक म्हणतात, आणि इथे एक गोष्ट फार महत्त्वाची, तपासणीच्या आधीच गहू बंद करू नका, रिपोर्ट खोटाच नॉर्मल येऊ शकतो. आयबीएसमध्ये (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) महिनोन्महिने पोट दुखतं, शौचाचं वेळापत्रक बिघडतं आणि तपासण्या नॉर्मल येतात. त्या माणसाला कृपा करून मनाचे खेळ म्हणू नका, आतडं आणि मेंदू यांच्यातला संवाद बिघडलेला असतो आणि दुखणं खरं असतं. डायबिटीसच्या मेटफॉर्मिननेही जुलाब होतात, थायरॉइडचं हार्मोन वाढलं तरी होतात. आणि आपल्याकडे आतड्याचा टीबीही आहे, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन आणि अधूनमधून येणारी पोटातली कळ असेल तर तो डोक्यात ठेवावाच लागतो.

आता थांबायचं नाही असं कधी? वजन आपोआप उतरतंय, शौचातून रक्त जातंय किंवा शौच काळी होतेय (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ते डॉक्टरला ठरवू द्या), घास अडकतोय, उलट्या थांबत नाहीत, कावीळ दिसतेय, जुलाबासाठी रात्री झोपेतून उठावं लागतंय, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच पोटाची सवय बदललीय, तर लगेच दाखवा. रक्त दिसलं की मूळव्याध असं घरीच ठरवून बसू नका, मोठ्या आतड्याचा कॅन्सरही असाच सुरू होऊ शकतो. रक्ताची उलटी झाली, किंवा काळ्या शौचाबरोबर चक्कर येत असेल, तर थेट हॉस्पिटल. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम फुटला, जबडा किंवा हात दुखायला लागला तर सोडा-लिंबू पीत बसू नका, तो हार्ट ॲटॅक असू शकतो, बायकांमध्ये आणि डायबिटीसवाल्यांमध्ये तर नुसती मळमळ आणि दम एवढंच दिसू शकतं.

जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या, काय खाल्लं, कधी दुखलं, शौच कशी झाली, वजन किती. आणि घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला, आयुर्वेदिक चूर्णासकट. आत्याने डॉक्टरांना गुडघ्याच्या गोळीबद्दल सांगितलंच नव्हतं, तिच्या मते पोटाचा आणि गुडघ्याचा संबंधच नव्हता. चष्मा शोधायला तिने पर्स उलटी केली तेव्हा ती पट्टी टेबलावर पडली, दहातल्या आठ गोळ्या संपलेली.